रेखांश आणि राहू : माळव्यातील एका शास्त्रार्थाची कथा

उज्जयिनी म्हणजे भारतीय ज्योतिषाचे ग्रीनिच, हे वाक्य शालेय पुस्तकांपासून यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकांपर्यंत सर्वत्र आढळते. तुलना सोयीची खरी. पण तिच्यात वडीलकीचा क्रम उलटा लागला आहे. ग्रीनिचच्या रेषेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १८८४ साली. त्यापूर्वी हजार-बाराशे वर्षांहून अधिक काळ सिद्धांतकार आपले गणित उज्जयिनीच्या मध्यरेषेवरून करीत आले होते. विषुववृत्तावरची कल्पित लंका, अवंती, कुरुक्षेत्र आणि उत्तर ध्रुवावरचा मेरू यांना जोडणारी ही रेषा. कोणत्याही गावचे पंचांग करायचे तर ते गाव या रेषेच्या पूर्वेस आहे की पश्चिमेस, हे पाहून देशांतरसंस्कार द्यावा लागे. आता हा संस्कार द्यायचा, तर एका गावी सूर्य आधी उगवतो व दुसऱ्या गावी नंतर, हे मान्य करावे लागते. आणि ते मान्य केले की पृथ्वी गोल आहे हेही ओघानेच येते. म्हणजे ज्या जोशीबुवांनी एकदाही देशांतराची पळे मोजली, त्यांनी पृथ्वीचा गोलाकार न बोलता स्वीकारलेला असतो.

बोलण्यात मात्र तो येत नसे. ज्या शहराच्या नावाने गोल पृथ्वीचे गणित चाले, त्याच शहराच्या घाटांवर आणि देवळांच्या सभामंडपांत पुराणिक वेगळीच पृथ्वी सांगत. तिचा विस्तार पन्नास कोटी योजने. मध्ये लक्ष योजनांचे जंबुद्वीप, त्याच्या मधोमध चौऱ्यांशी हजार योजने उंचीचा सुवर्णमय मेरू, भोवती एकाआड एक द्वीपे आणि समुद्र. सूर्य मेरूच्या आड गेला की रात्र होते. चंद्र सूर्याच्याही वर लक्ष योजनांवर असतो. राहू ग्रासतो म्हणून ग्रहण लागते. पुराण ऐकणारे भाविक होते आणि सांगणारेही बहुधा भाविकच असत, यात शंका नाही. अडचण येई ती ग्रहणाच्या दिवशी. स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, हे जोशीबुवा घटका-पळांसह आधी सांगत. ते गणित भूछायेचे आणि चंद्रबिंबाचे; त्यात राहूच्या तोंडाला कोठेही जागा नसे. आणि त्याच गणिताने ठरलेल्या मुहूर्तावर, राहूच्या नावाने, स्नान, जप आणि दान होई. छायेने वेळ ठरवावी आणि राहूने दक्षिणा मिळवून द्यावी, असा हा व्यवहार शतकानुशतके बिनतक्रार चालला.

तो विसंवाद कोणाच्या ध्यानात आला नाही असे म्हणणे पूर्वजांच्या बुद्धीवर अन्याय करणारे होईल. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पौराणिक भूगोलाची चांगलीच हजेरी घेतली आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर इतक्या उंचावर फिरणारा सूर्य माणसांना अखंड का दिसू नये? मेरूच्या आड गेल्याने रात्र होत असेल तर सूर्य आणि आपण यांच्यामध्ये उभा असलेला तो सोन्याचा पर्वत दिसत का नाही? असे त्यांचे प्रश्न आहेत. त्याहून उज्जैनकरांना जवळचा आहे तो त्यांचा मापनाचा दाखला. विषुववृत्तापासून अवंती ही पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, असे ते सांगतात. परिघ त्यांनी ४९६७ योजने धरला आहे. म्हणजे हे अंतर सुमारे ३१० योजने झाले. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीने उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कलांच्या आसपास येतो. गोल पृथ्वीचा पुरावा म्हणून त्यांनी जे गाव मापात धरले, ते हेच.

परंतु भास्कराचार्यही शेवटी तडजोडीला आलेच. ब्रह्मदेवाच्या वराने राहू हा भूछायेत प्रवेश करून चंद्राला झाकतो, सबब शास्त्र आणि पुराण यांत विरोध नाही, अशी वाट त्यांनी काढून दिली. ही वाट त्यांच्यापूर्वी ब्रह्मगुप्ताने मळलेली होती. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ग्रहणाचे खरे कारण उघड सांगितले होते. इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताला ते ठाऊक नव्हते असे नाही. त्याचे स्वतःचे ग्रहणगणित छायेचेच आहे. तरीही आर्यभट, वराहमिहिर यांच्यावर तो उलटतो, वेद व स्मृती यांचे दाखले देतो आणि राहू नसेल तर ग्रहणकाळी सांगितलेल्या स्नानदानाच्या पुण्याचे काय, असा पेच टाकतो. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बिरुणीने हे वाचले तेव्हा तो चकित झाला. इतका थोर गणिती आपल्याच ज्ञानाविरुद्ध साक्ष देतो, याची त्याने कठोर शब्दांत हजेरी घेतली. आणि मग, सॉक्रेटिसावर जे संकट आले त्याची या माणसाला धास्ती तर नसेल ना, अशी शंकाही नोंदवली. टीकाकाराने प्रतिपक्षाच्या ढोंगामागचे भय ओळखावे, हा उदारपणा त्या काळात दुर्मिळच होता, आणि आजही तो स्वस्त झालेला नाही.

मध्यंतरीच्या काळाबद्दल येथे फार सांगण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने उज्जैनला वेधशाळा बांधली. पुढे माळवा मराठ्यांकडे आला. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे देवालय पुन्हा उभारले. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली. वेधशाळेची यंत्रे उन्हापावसात उभी राहिली आणि पंचांगे जुन्या सारण्यांवरून होत राहिली. सिद्धांत न वाचता करणग्रंथातल्या कोष्टकांवरून बेरीज-वजाबाकी करणारा जोशी, हे त्या काळचे सर्वत्र दिसणारे चित्र होते.

हे चित्र हलवले ते उज्जैनने नव्हे, तर जवळजवळ तिच्याच अक्षांशावर पूर्वेस वसलेल्या सिहोर या छावणीच्या गावाने. दोन्ही गावांच्या सूर्योदयात सुमारे पाच मिनिटांचे अंतर पडते. भोपाळचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन तेथे राहत असे. त्याला संस्कृत चांगले येत होते आणि सिहोरच्या पाठशाळेत त्याने सिद्धांतांचे अध्यापन नेटाने चालवले. कोपर्निकसचे मत इंग्रजी पुस्तकांतून थेट शिकवण्यापेक्षा भास्कराचार्यांच्या खांद्यावर बसवून आणावे, म्हणजे ते परके वाटणार नाही, असा त्याचा विचार होता. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने तो सविस्तर मांडला. पुण्यास जन्मलेले व नागपुरास शिकलेले बापूदेवशास्त्री १८३८ मध्ये याच पाठशाळेत आले, सेवाराम या पंडितांपाशी सिद्धांत शिकले आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. त्या कीर्तीचा उगम सिहोरचा, हे फारसे लक्षात ठेवले जात नाही.

विल्किन्सनच्या पंडितांत अग्रेसर होते सुबाजी बापू. १८३६ मध्ये त्यांचा 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ निघाला. पुराणांचे, सिद्धांतांचे आणि कोपर्निकसचे अशी तीन मते शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना त्यात केली आहे. मराठी गद्य त्या वेळी छापखान्याशी नुकते कोठे ओळख करून घेत होते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे. अशा काळात एका शास्त्र्याने, मराठीत, पुराणांतील भूगोल प्रत्यक्षाच्या कसोटीवर टिकत नाही असे लिहावे, हे धाडस मोठे होते. प्रत्यक्ष दिसणारे आणि गणिताने पडताळणारे एका बाजूला व ग्रंथवचन दुसऱ्या बाजूला असेल, तर प्रत्यक्षाचा कौल मानावा, ही त्या ग्रंथाची भूमिका. ती पाखंड्याची नव्हती, पक्क्या वैदिक ब्राह्मणाची होती.

या ग्रंथाला तत्काळ उत्तर आले. यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे हे स्वतः नाणावलेले ज्योतिषी. त्यांनी १८३७ मध्ये 'अविरोधप्रकाश' लिहून पुराणे आणि सिद्धांत यांत मुळी विरोधच नाही असे प्रतिपादन केले. 'अविरोध' हा शब्द नवा नव्हता. सतराव्या शतकात काशीस राहणारे, महाभारताचे प्रसिद्ध टीकाकार कोपरगावचे नीळकंठ चतुर्धर यांनीही पुराणमताच्या समर्थनासाठी असा खटाटोप केला होता. दोन्ही ग्रंथ पूज्य, दोघांची वचने परस्परविरुद्ध. मग एकाचा अर्थ जरा वाकवायचा, दुसऱ्याचा जरा ताणायचा, आणि अंती कोणाचेच काही बिघडले नाही असे जाहीर करायचे. या विद्येत आपल्या पंडितांची बुद्धी किती खर्ची पडली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. सुबाजी बापूंनी 'अविरोधप्रकाशविवेक' लिहून प्रत्युत्तर दिले आणि आपला मुद्दा सोडला नाही. येथवर ही एका निर्भय विद्वानाची कथा आहे.

पुढचे प्रकरण १८३९ चे. 'वज्रसूची' नावाचे एक लहानसे संस्कृत प्रकरण अश्वघोषाच्या नावावर चालते. कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. दहाव्या शतकातील चिनी भाषांतरात ते धर्मकीर्तीचे म्हटले आहे. नेपाळात ब्रायन हॉजसनला त्याची प्रत मिळाली व त्याचे इंग्रजी भाषांतर १८३१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राला मात्र हे नाव तेव्हा नवे नव्हते. त्याच नावाचे एक उपनिषद आहे. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईंनी वज्रसूचीचा आशय अभंगांत उतरवला होता. स्वतः ब्राह्मण स्त्री असून तुकोबांना गुरू मानल्याबद्दल घरात जिने छळ सोसला, तिला ब्राह्मण कोण हा प्रश्न पोथीत शोधावा लागला नाही.

वज्रसूचीचा कर्ता मोठा धूर्त. तो बौद्ध असूनही बौद्ध ग्रंथ पुढे करीत नाही. प्रतिपक्षाचेच वेद, महाभारत आणि मनुस्मृती हाती घेतो. ब्राह्मण्य कशात आहे? जीवात, देहात, जन्मात, ज्ञानात, आचारात की वेदाध्ययनात? जन्मात म्हणावे तर व्यासांची आई कोण आणि वसिष्ठांची कोण, हे तुमचीच शास्त्रे सांगतात. हा भाग वचनांचा झाला. पण त्यात दुसराही एक भाग आहे, आणि प्रस्तुत विषयात तोच कळीचा आहे. गाय, घोडा, हत्ती यांची पावले पाहिली की जाती निराळ्या हे कळते. ब्राह्मणाच्या आणि शूद्राच्या पावलांत तसा फरक दाखवा, असे तो म्हणतो. एकाच झाडाला बुंध्याशी, फांदीला आणि शेंड्याला लागलेली फळे एकाच जातीची असतात. मग ब्रह्मदेवाच्या मुखापासून व पायांपासून झालेली माणसे वेगळ्या जातीची कशी, असे विचारतो. हा पुरावा वचनांचा नाही, डोळ्यांचा आहे. तीन वर्षांपूर्वी सुबाजी बापूंनी मेरूला जी कसोटी लावली होती, तीच अश्वघोषाने वर्णभेदाला लावलेली आहे.

विल्किन्सनने हे प्रकरण छापायला काढले आणि सुबाजी बापू आडवे आले. त्यांनी वज्रसूचीच्या खंडनार्थ 'टंक' लिहिले. टंक म्हणजे टाकी, दगड फोडण्याची छिन्नी. वज्राच्या सुईला तोड म्हणून हे नाव. १८३९ मध्ये दोन्ही लेखने एकाच पुस्तकात, एकाआड एक, प्रसिद्ध झाली. वर्ण जन्मसिद्ध आहे आणि शास्त्रसंमत आहे, हा टंकाचा निष्कर्ष. व्यास-वसिष्ठांच्या दाखल्यांना परंपरेचे उत्तर ठरलेलेच आहे: ते तपोबलाचे पुरुष, त्यांच्या चरित्रावरून इतरांनी नियम काढू नये. हे उत्तर धर्मशास्त्रात जुने आहे आणि अनेक प्रसंगी उपयोगी पडलेले आहे. पूर्वजांचे वर्तन सोयीचे असेल तेव्हा त्याला सदाचार म्हणून प्रमाण मानावे, गैरसोयीचे असेल तेव्हा तेजस्व्यांना दोष नाही म्हणून बाजूला ठेवावे!

जो मनुष्य भागवतातील सूर्यचंद्रांची अंतरे प्रत्यक्षाच्या बळावर नाकारतो, तोच पावलांच्या ठशांपुढे उभा राहिल्यावर ग्रंथवचनाचा आसरा घेतो, याचा अर्थ काय लावायचा? सुबाजी बापूंना ढोंगी म्हणणे सोपे आहे, आणि ते बरोबर होणार नाही. पोटासाठी लिहिणारा पंडित साहेबाची मर्जी राखतो. यांनी तर आश्रयदात्याच्या तोंडावर, त्याच्याच पुस्तकात त्याला विरोध केला. ज्याला ते सत्य समजत होते त्यासाठी १८३६ मध्ये स्वकीयांचा रोष पत्करला आणि १८३९ मध्ये साहेबाचा. प्रामाणिकपणाबद्दल त्यांना आणखी काही सिद्ध करायचे उरले नव्हते. तरीही दोन्ही वादांत त्यांनी लावलेल्या मापांत फरक आहे, आणि तो फरक कोठे पडला हे पाहिले म्हणजे त्याचे कारणही दिसते. मेरू गेला म्हणून कोणाच्या पंगतीतले पान हलले नाही. राहूची छाया झाली तरी ग्रहणाचे दान थांबले नाही. 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत ग्रहणाच्या वेळी दारोदार फिरणारे मांग राहूचे आप्त समजले जात. खगोलातला राहू खोटा ठरल्यावरही त्यांची वस्ती गावाबाहेर होती तेथेच राहिली. सिद्धांताचा स्वीकार करताना शास्त्रीबुवांना काही सोडावे लागले नाही. वज्रसूची मान्य केली असती तर मात्र बसल्या आसनावरून उठावे लागले असते.

हाच निकष विल्किन्सनलाही लावला पाहिजे, नाहीतर लेखणी एकीकडे झुकेल. हिंदूंच्या पुराणांविरुद्ध त्याने हिंदूंचेच सिद्धांत उभे केले आणि जातिभेदाविरुद्ध बौद्ध ग्रंथ. दोन्ही निवडी हुशारीच्या होत्या, पण त्याच्या मनात अखेरीस ख्रिस्ती मताचा प्रसार होता. यहोशवाच्या आज्ञेने सूर्य थांबला, हे बायबलातील वचन ज्या कसोटीवर घासायला हवे होते ती कसोटी सिहोरच्या वादात आली नाही. रोमच्या चर्चने कोपर्निकसचा ग्रंथ १६१६ पासून निषिद्ध ठरवला होता; निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून तो गळला तो १८३५ च्या आवृत्तीत. म्हणजे सुबाजी बापूंच्या मराठी पुस्तकाच्या अवघे एक वर्ष आधी! त्यात विल्किन्सनच्या प्रॉटेस्टंट पंथाचा दोष नाही हे खरे. पण पुराणिकांना हसणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये. १८३९ मध्येच जॉन म्यूरने 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व सांगणारा संस्कृत ग्रंथ काढला आणि त्यावर 'सोमनाथ' या नावाने 'मतपरीक्षाशिक्षा' हे उत्तर प्रसिद्ध झाले. हा सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच असावेत, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. प्रत्येकाने आपापल्या मार्गाने जावे, देवाने ते मार्ग त्या त्या लोकांसाठी योजले आहेत, असा त्यातील समंजस सूर आहे. त्याच वर्षीच्या टंकाशेजारी ठेवून तो ऐकला की, परधर्मीयांना दिलेली ही मुभा स्वधर्मातील शूद्राला का मिळाली नाही, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

विल्किन्सन १८४१ मध्ये वारला. गोलाध्यायाचे त्याचे इंग्रजी भाषांतर बापूदेवशास्त्र्यांनी तपासून १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केले. सिहोरच्या पाठशाळेचे तेज मात्र त्याच्यामागे राहिले नाही. उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांच्या काळात १९२३ मध्ये झाला. तिची व्यवस्था पाहणारे गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद वेध घेऊन गणित पडताळण्याचे पुरस्कर्ते होते. १९४२ पासून तेथून ग्रहांची दैनंदिन स्थाने देणारे वार्षिक प्रकाशन निघू लागले. सुबाजी बापूंच्या पहिल्या वादाचा निकाल असा त्यांच्या बाजूने, आणि तोही मध्यरेषेवरच, लागला.

दुसऱ्या वादाची वाट निराळी. आल्ब्रेख्ट वेबरने वज्रसूची जर्मनीत संपादून प्रसिद्ध केली, आणि इकडे मुंबईत तुकाराम तात्या पडवळ यांनी वज्रसूचीतील युक्तिवादाचा आधार घेऊन १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' हे मराठी पुस्तक लिहिले. १८६५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली ती जोतीराव फुले यांनी प्रकाशित केली. बहिणाबाईंच्या अभंगांतून आणि सिहोरच्या पंडितांच्या रागातून गेलेला तो जुना प्रश्न अशा रीतीने पुन्हा मराठीत आला आणि या वेळी तो शास्त्र्यांच्या पाठशाळेत नव्हे, तर चार आण्या-आठ आण्यांची पुस्तके वाचणाऱ्या साध्या वाचकांपुढे ठेवला गेला. त्या पुस्तकावर तुकाराम तात्यांनी आपले नाव घातले नाही. कर्ता म्हणून तेथे एवढेच छापले होते: 'एक हिंदू'.